जर्मन शिकायला जावं, तर जर्मन मायोर्काला

युरोपातल्या विद्यापीठांचा उन्हाळा आपल्या श्रावणात येतो आणि सगळी भानगड तिथूनच सुरू होते. पुण्यातली एखादी मुलगी जर्मनीतल्या ‘उन्हाळी अभ्यासक्रमा’ला निघते तेव्हा बाहेर मुठा दुथडी भरून वाहत असते, भिडे पुलावरून पाणी गेल्याचे व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरत असतात आणि कॉलेज सुरू होऊन दीड महिना उलटलेला असतो. ‘उन्हाळी वर्गासाठी ऑगस्टमध्ये चार आठवड्यांची रजा मिळावी’ असा अर्ज विभागप्रमुखांच्या टेबलावर जातो. विभागप्रमुख अर्जाकडे बघतात, खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघतात, पुन्हा अर्जाकडे बघतात. पंच्याहत्तर टक्के हजेरीचा नियम ऐकवतात. मग त्यांच्या लक्षात येतं की कॉलेजच्या वार्षिक अहवालात ‘आंतरराष्ट्रीय सहभाग’ नावाचा एक रकाना बरीच वर्षं कोरा आहे. सही होते.

अशा मुली (आणि मुलगेही) पुण्यातूनच इतक्या का निघतात, याची कारणं शहराच्या नकाशावर सापडतात. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. बोट क्लब रस्त्यावर जर्मन शिकवणारं मॅक्समुल्लर भवन आहे. चाकणकडे जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत. आणि अकरावी-बारावीला जर्मन हा ‘स्कोअरिंग’ विषय आहे, ही बातमी सोसायटीच्या जिन्यात कुणी ना कुणी देतंच. यातला मॅक्समुल्लर भवनाचा मामला मोठा गमतीचा आहे. ज्या माक्स म्युलरचं नाव या संस्थेला भारतभर दिलेलं आहे, त्याने ऋग्वेदाचं संपादन करण्यात उमेदीची वर्षं घालवली, पण भारतात तो एकदाही आला नाही. ऑक्सफर्डमध्ये बसून त्याने सगळं उरकलं. भाषा शिकायला त्या देशात गेलंच पाहिजे असं काही नाही, याचा पुरावा संस्थेच्या पाटीवरच आहे. तो रोज वाचूनही विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात.

शिष्यवृत्ती ‘डाड’ची. म्हणजे जर्मनीच्या विद्यार्थी-देवाणघेवाण संस्थेची, पण तिचं पूर्ण नाव अर्जाबाहेर कुणी उच्चारत नाही. जर्मन विद्यापीठांतल्या उन्हाळी भाषावर्गांसाठी ही संस्था परदेशी विद्यार्थ्यांना पैसे देते. तिचा जन्म १९२५ साली हायडेलबर्गमध्ये झाला, त्यामुळे आपली विद्यार्थिनी हायडेलबर्गलाच जाते असं धरून चालू. विद्यापीठ १३८६ सालचं, आजच्या जर्मनीतलं सर्वांत जुनं. नेकार नदी, डोंगरावर पडका किल्ला, खाली दगडी पूल. फोटोत सगळं इतकं देखणं दिसतं की नातेवाईक विचारतात, ‘अगं, अभ्यास कधी करणार?’

त्याआधी व्हिसा. नव्वद दिवसांच्या आतला मुक्काम, म्हणून शेंगेन व्हिसा. २०२४ च्या जूनपासून त्याची फी ९० युरो. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, आणि त्यात हसायचं नाही. ‘थोडं हसा’ म्हणण्यात ज्याची हयात गेली त्या कोपऱ्यावरच्या फोटोग्राफरला ही अट व्यावसायिक अपमान वाटते. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. वडील त्याचे रुपये करून बघतात आणि गप्प होतात, कारण मुलीच्या चार आठवड्यांच्या विम्याची रक्कम त्यांच्या स्वतःच्या जन्मभराच्या पॉलिसीपेक्षा मोठी निघते.

मग बॅग. विमान कंपनी तेवीस किलो म्हणते आणि आजी ते आव्हान म्हणून घेते. भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, पातळ पोह्यांचा चिवडा हे सगळं कायद्यात बसतं. बसत नाही ते साजूक तूप आणि पेढे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाने मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणू नयेत असा नियम आहे. ‘मांस नको म्हणतात ते योग्यच आहे,’ असं म्हणून आजी नियमाचा अर्धा भाग मान्य करते. उरलेल्या अर्ध्यावर वाटाघाटी होऊन तूप घरी राहतं. श्रावणातल्या उपासांचं कसं, हा प्रश्न मात्र आजीच सोडवते. जर्मन लोक तिन्हीत्रिकाळ बटाटे खातात असं तिने ऐकलेलं असतं. ‘बटाटा आहे ना? मग निभेल श्रावण.’

जर्मनीविषयी घरातून निघताना दिलेली दुसरी माहिती म्हणजे तिथल्या गाड्यांवर घड्याळ लावावं. ही माहिती देणारे काका १९८० च्या सुमारास जाऊन आलेले असतात. आता चित्र असं आहे की २०२४ साली जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर पोचल्या त्या ६२.५ टक्के. म्हणजे आठातल्या तीन उशिरा. तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर ‘वेळेवर’ धरून! फ्रँकफर्टच्या विमानतळावरून हायडेलबर्ग तासाभराच्या अंतरावर आहे. फलाटावर आपली विद्यार्थिनी उभी राहते, पाटीवर गाडीपुढे वीस मिनिटं लागतात, मग पस्तीस, मग फलाट बदलतो. उशिराचं कारणही जाहीर होतं: कामकाजात झालेल्या विलंबामुळे विलंब. दादर स्थानकावर मोठी झालेली मुंबईची मुलगी असेल तर तिला इथे एकदम घरच्यासारखं वाटतं. पुण्याची मुलगी रागावते. तिला अजून डेक्कन क्वीनच्या वेळेचा अभिमान असतो. शेवटी गाडी येते ती डब्यांचा क्रम उलटा करून, आणि शांत, शिस्तप्रिय वगैरे म्हणून ऐकलेलं राष्ट्र बॅगा ओढत फलाटाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे धावत सुटतं.

इथवर सगळं परदेशवारीच्या नेहमीच्या गोष्टीसारखं आहे. खरा धक्का पोचल्यावर बसतो.

हायडेलबर्गमध्ये जर्मन नसतात.

अतिशयोक्ती आहे, पण थोडीच. जर्मन विद्यापीठाचं उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होऊन त्याची व्याख्यानं जुलै संपता संपता थांबतात, पुढची ऑक्टोबरात. हायडेलबर्ग ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे तिथल्या शाळांनाही जुलैअखेर ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सुट्टी असते. त्यामुळे उन्हाळी भाषावर्गाला विद्यापीठात खोल्या रिकाम्या मिळतात, आणि मुळात म्हणूनच हे वर्ग ऑगस्टात भरतात. विद्यापीठाचे सुमारे तीस हजार विद्यार्थी बहुतेक गावी, नोकरीवर नाहीतर समुद्रावर गेलेले असतात. समुद्र म्हणजे स्पेनचं मायोर्का बेट. जर्मनीची राज्यं सोळा, आणि मायोर्का हे सतरावं असं जर्मन लोक स्वतःच थट्टेने म्हणतात. जर्मन ऐकत ऐकत शिकायची असेल तर ऑगस्टात खरं तर तिथेच जायला हवं, पण डाडचं तिथे केंद्र नाही.

मग मुख्य रस्त्यावर असतात कोण? सुमारे दीड किलोमीटरचा हा रस्ता फक्त पायी चालणाऱ्यांचा. त्यावर जपानी, अमेरिकन, कोरियन, अरब, गुजराती पर्यटक आणि त्यांच्यामधून वाट काढणारे उन्हाळी विद्यार्थी. पुलाच्या टोकाला ब्राँझचं एक पोकळ डोक्याचं माकड आहे. त्याच्या हातातल्या आरशाला हात लावला की पैसा मिळतो, बोटांना लावला की हायडेलबर्गला पुन्हा येणं होतं आणि शेजारच्या ब्राँझच्या उंदरांना लावला की भरपूर मुलं होतात, अशी समजूत. रांगेतले लोक आपापल्या भाषेत एकमेकांना बजावत असतात की उंदरांना हात लावू नकोस.

राहायला मिळते ती सुट्टीवर गेलेल्या एखाद्या जर्मन विद्यार्थ्याची खोली. मालक दिसत नाही. दिसतात त्याच्या चिठ्ठ्या. फ्रिजवर, बेसिनवर, खिडकीच्या कडीजवळ, संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला. सुबक अक्षर, पूर्ण वाक्यं, खाली सही आणि हसरा चेहरा. खिडकी दिवसातून दोनदा पूर्ण उघडावी, अर्धवट उघडून ठेवू नये. रात्री दहानंतर सकाळी सहापर्यंत आवाज नको. शॉवरची काच वापरानंतर पुसावी. सदाशिव पेठेत पाट्या वाचत लहानाची मोठी झालेली मुलगी इतर कुणापेक्षा लवकर या वाङ्मयात रमते. फरक तिला एवढाच जाणवतो की पुणेरी पाटीत नियमामागे अपमान असतो, इथे नियमामागे कारण दिलेलं असतं. कारण वाचायला वेळ जास्त लागतो.

सर्वांत लांब चिठ्ठी कचऱ्याची, ती दोन पानी. कागद एका डब्यात. प्लास्टिक आणि पत्र्याची वेष्टनं दुसऱ्या. भाजीपाला तिसऱ्या. उरलेलं चौथ्या. काचेच्या बाटल्या घरात टाकायच्याच नाहीत, रस्त्यावरच्या टाकीत न्यायच्या. तिथे पांढरी, हिरवी आणि तपकिरी काच वेगळी, आणि रविवारी टाकायची नाही, कारण आवाज होतो. दह्याच्या डब्याचं झाकण ओढून वेगळं करावं. चहाची पिशवी ओल्यात जाते. पण तिची धातूची पिन? यावर चिठ्ठीत काही नाही. भाषेच्या कुठल्याही परीक्षेत न विचारलेले जितके शब्द ही मुलगी या दोन पानांतून शिकते, तितके ती चार आठवड्यांच्या वर्गात शिकत नाही.

बाटल्यांचा दुसरा प्रकार तर तिला मनापासून पटतो. २००३ पासून जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटल्या आणि डबे यांवर अनामत घेतात. प्लास्टिकच्या बाटलीला २५ सेंट, बिअरच्या पुन्हा भरायच्या काचेच्या बाटलीलाही ८. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या तोंडात द्यायची, यंत्र पावती देतं, पावतीचं सामान घ्यायचं. ज्या घरात दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, रद्दीवाल्याला मोजून दिल्या जातात, त्या घरच्या मुलीला हा देश परका वाटायचं कारणच नाही. पहिल्या आठवड्यात ती हिशेब करते, २५ सेंट म्हणजे पंचवीसेक रुपये. दुसऱ्या आठवड्यात ती वर्गातल्या इतरांच्या बाटल्यांकडे बघू लागते.

रविवारी दुकानं बंद असतात हे तिला सांगितलेलं असतं, पण ते रेशन दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीसारखं असेल अशी तिची समजूत. प्रत्यक्षात रविवारच्या विश्रांतीचं रक्षण जर्मनीच्या राज्यघटनेत आहे. १९१९ च्या वायमार संविधानातलं ते कलम पुढच्या घटनेने तसंच उचलून घेतलं. शनिवारी रात्री पोचलेल्या विद्यार्थिनीला रविवारी सकाळी कळतं की आपली भूक घटनाबाह्य आहे. रेल्वे स्थानकातलं दुकान आणि पेट्रोल पंप तेवढे उघडे. त्या दिवशी आजीच्या भाजणीचं पहिलं थालीपीठ लागतं. ते पातेल्याच्या झाकणावर थापलेलं असतं आणि त्याला लोणी नसतं.

सोमवारी वर्ग. आधी पातळी ठरवणारी चाचणी. इथे पुण्याची मुलं धुमाकूळ घालतात. जर्मनमध्ये विभक्ती चार. शाळेत संस्कृतच्या आठ-आठ विभक्तींचे तक्ते घोकलेल्या माणसाला चार म्हणजे सवलत वाटते. डेर, डी, दास ही तीन लिंगांची तीन उपपदं. तीही आपल्याला नवी नाहीत. मार्क ट्वेन १८७८ च्या उन्हाळ्यात सहकुटुंब हायडेलबर्गला येऊन राहिला, जर्मनशी झटला आणि १८८० च्या प्रवासवर्णनाला त्याने या भाषेविरुद्ध एक आख्खं परिशिष्टच जोडलं. त्याचा एक मोठा आक्षेप असा की जर्मनमध्ये ‘मुलगी’ नपुंसकलिंगी आहे. मालवणी माणसाला यात आक्षेप घेण्यासारखं काय आहे हेच समजणार नाही. त्याच्याकडचं ‘चेडू’ही नपुंसकलिंगीच, गोव्यातही तेच. आणि पुण्यातल्या आया वयात आलेल्या मुलीला ‘आमचं ध्यान अजून उठलं नाही’ म्हणतात ते कुठल्या लिंगात?

तर चाचणीत उत्तम गुण पडतात, वरच्या वर्गात बसवतात, आणि ही विदुषी मधल्या सुट्टीत बेकरीत जाते. जर्मन पावाच्या नोंदलेल्या प्रकारांची संख्या तीन हजारांच्या वर आहे. काउंटरवरच्या बाई त्या भागाच्या बोलीत विचारतात, त्याही एका दमात. विद्यार्थिनीला सगळ्या वाक्यात फक्त शेवटचं क्रियापद ऐकू येतं. ती बोट दाखवते. बाई इंग्रजीत किंमत सांगतात.

वर्गात मात्र तिचं छान चालतं. आणि इथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. इटलीची, पोलंडची, ब्राझीलची, कोरियाची अशी सगळी मंडळी एकमेकांशी जर्मनच बोलतात, कारण दुसरी भाषा सामाईक नाही. महिन्याभरात त्या वर्गापुरती एक वेगळीच जर्मन तयार होते. तिच्यात क्रियापद हवं तिथे बसतं, उपपदं पुटपुटून गिळली जातात आणि अडलेल्या शब्दाच्या जागी हात हलवतात. सगळ्यांना सगळं समजतं. थट्टा होतात, भांडणं होतात, निदान एक प्रेमप्रकरण होतं. या जर्मनवर कुणाचंही अडत नाही. एखादा जर्मन माणूस येऊन टेबलाशी बसला तरच संभाषण थांबतं.

वेळेच्या बाबतीत विद्यापीठ रेल्वेपेक्षा प्रामाणिक आहे. तिथे उशीर हा रीतसर नियमच आहे. वेळापत्रकात तासापुढे ‘सी. टी.’ अशी दोन लॅटिन अक्षरं असली तर नऊचा तास सव्वानऊला सुरू होतो. याला शैक्षणिक पाव तास म्हणतात आणि ती जुनी परंपरा आहे. भारतीय विद्यार्थ्यांवर उशिरा येण्याचा जो शिक्का आहे तो इथे धुऊन निघाला असता. पण पहिल्या दिवशी आपली विद्यार्थिनी अपमान टाळण्यासाठी पावणेनऊलाच येऊन बसलेली असते. रिकाम्या वर्गात ती आणि कोरियाचा मुलगा अर्धा तास एकमेकांकडे बघतात. तास संपल्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही, सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. पुण्यात हाच प्रकार तास चालू असताना होतो आणि त्याचा अर्थ वेगळा असतो.

जेवायला मार्श्टालमधली मेन्सा, म्हणजे जुन्या शस्त्रागारातली विद्यार्थ्यांची खाणावळ. तिथे बुफेतलं ताट वजनावर विकतात. काट्यावर ताट ठेवायचं, पैसे द्यायचे. दोन दिवसांत सगळ्यांच्या लक्षात येतं की रस्सा महाग पडतो आणि पालेभाजी स्वस्त. बटाट्यांचं वजन बघून आजीचा श्रावण परवडणार नाही असं दिसतं.

ट्वेनसारखाच जर्मनशी झटायला हायडेलबर्गला आणखी एक विद्यार्थी येऊन गेला. १९०७ साली महंमद इक्बाल, म्हणजे १९०४ मध्ये ‘सारे जहाँ से अच्छा’ लिहिणारे, केंब्रिजहून इथे जर्मन शिकायला आले. म्यूनिकच्या विद्यापीठात डॉक्टरेटसाठी प्रबंध द्यायचा होता आणि त्यासाठी भाषा हवी होती. शिकवायला एमा वेगेनास्ट नावाच्या बाई होत्या. पुढे लाहोरला परतल्यावर इक्बाल त्यांना पत्रं लिहीत राहिले, त्यातली बरीच जर्मनमध्ये. नेकारच्या काठावर एका रस्त्याला आज इक्बालचं नाव आहे. थोडक्यात, जर्मन शिकायला इथे आलेला एक माणूस भाषेवर चिडून लिहिता झाला आणि दुसरा शिक्षिकेला पत्रं लिहिण्याइतका रमला. बाकीचे सगळे विद्यार्थी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी, बहुधा ट्वेनच्या बाजूला.

वर्गाच्या सहलीत दाखवतात ती जागा म्हणजे विद्यार्थ्यांचा तुरुंग. विद्यापीठाला आपल्या विद्यार्थ्यांवर खटला चालवायचा स्वतंत्र अधिकार होता आणि १७७८ पासून १९१४ पर्यंत हा तुरुंग त्यासाठी चालला. गुन्हे काय, तर रात्री दंगा करणं, दारू पिऊन पोलिसांना चिडवणं, द्वंद्वयुद्ध. शिक्षा काही दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत. पण कैद्याला व्याख्यानांना जायची परवानगी होती. तो दिवसा बाहेर पडून तास करायचा आणि परत कोठडीत यायचा. बाहेरून जेवण येई, बिअरही येई. पुढे पुढे एकदा तरी आत गेल्याशिवाय शिक्षण पुरं झालं असं पोरांना वाटेना. त्यांनी भिंतींवर मेणबत्तीच्या काजळीने आपापल्या सावल्या रंगवल्या, त्यांना रंगीत टोप्या घातल्या, कोठड्यांना राजवाड्यांची नावं दिली. भिंती अजून तशाच आहेत. ज्या मुलीने पंच्याहत्तर टक्के हजेरीसाठी विभागप्रमुखांच्या विनवण्या केल्या आहेत, तिला शिक्षा म्हणून कोंडून वर व्याख्यानालाही पाठवणारं विद्यापीठ थोर वाटतं. हजेरीचा प्रश्न इतका मुळातून कुणी सोडवलेला तिने पाहिलेला नसतो.

त्या काळच्या मुलींसाठीही एक सोय होती. क्नोझेल नावाच्या मिठाईवाल्याने ‘विद्यार्थ्याचं चुंबन’ नावाचं चॉकलेट काढलं. चांगल्या घरच्या मुलींबरोबर कॅफेत राखण करायला बाई असायची, त्यामुळे खरं चुंबन अशक्य. विद्यार्थी पुडी पुढे करायचे आणि बाईंना हरकत घेता येत नसे. आज पर्यटक ते डझनाने नेतात. आपली विद्यार्थिनीही आजीसाठी एक पुडा घेते, नाव न सांगता द्यायचं असं ठरवून.

ऑगस्टच्या मध्याला ऊन चढतं. पारा पस्तिशीला जातो. घरात पंखा नाही, वर्गात नाही, एसी तर नाहीच. शिक्षिका घाम पुसत तिला म्हणतात, ‘तुम्हाला काय, सवयच असेल.’ कुणाला कशी सवय असेल? विदर्भातला माणूससुद्धा पस्तिशीत पंख्याखाली बसतो. सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, तोवर जेवायचं नाही असा बिचारीचा घरच्या वळणाचा हट्ट. मग बाहेर पडावं तर रस्ते सुनसान, गाडी एकही नाही, आणि तरी पादचाऱ्यांच्या लाल दिव्यापाशी दोन म्हातारे हिरव्याची वाट बघत उभे. लाल असताना ओलांडलं तर दंड पाच युरो. लक्ष्मी रस्ता आणि टिळक रस्ता वर्षानुवर्षं ओलांडून कमावलेलं तिचं कसब इथे फुकट जातं. ती थांबते. त्या म्हाताऱ्यांना ‘शुभ संध्याकाळ’ म्हणते आणि तेही जर्मनमध्ये उत्तर देतात. महिन्यातलं हे तिचं सर्वांत यशस्वी संभाषण.

तिसऱ्या आठवड्यात वर्गात प्रत्येकाने आपल्या देशातल्या एखाद्या विषयावर दहा मिनिटं बोलायचं असतं. योग, ताजमहाल, बॉलीवूड हे विषय आदल्या वर्षींच्या विद्यार्थ्यांनी चघळून टाकलेले. विषय शोधायला ती दक्षिण आशिया संस्थेच्या ग्रंथालयात जाते. १९६२ साली स्थापन झालेली ही संस्था हायडेलबर्ग विद्यापीठाचीच. इथले प्राध्यापक ग्युंटर सोन्थायमर महाराष्ट्रात धनगरांच्या वाड्यांवर हिंडले, त्यांनी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, मराठी बोलले, आणि १९९२ मध्ये गेले. त्यांचा १९७६ चा जर्मन ग्रंथ फडताळात उभा असतो: ‘बिरोबा, म्हस्कोबा उंड खंडोबा’. शीर्षकातल्या चार शब्दांपैकी तीन तिच्या आजीच्या ओळखीचे, जर्मन तेवढा ‘उंड’. पुण्याहून पन्नासेक किलोमीटरवरच्या जेजुरीला ती शाळेच्या सहलीत एकदा गेलेली, आणि तिची आठवण म्हणजे पायऱ्या, भंडारा आणि बसमध्ये झालेली उलटी. आता साडेसहा हजार किलोमीटर लांब येऊन, शब्दकोश मांडीवर घेऊन, ती पहिल्यांदा वाचते की म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची आणि या दोघींच्या भांडणात देवाने केलेली वाटणी अजून डोंगरावर दिसते: म्हाळसा वर गडावर, बाणाई अर्ध्या वाटेवर.

वर्गाला विषय तुफान आवडतो, आणि शिक्षिकांना तर तो व्याकरणासाठी सापडल्याचा हर्ष होतो. जर्मनमध्ये ‘वर’, ‘खाली’, ‘मागे’, ‘शेजारी’ अशी नऊ शब्दयोगी अव्ययं आहेत, जी दोन विभक्ती घेतात. माणूस तिकडे जात असेल तर द्वितीया, तिथे असेल तर चतुर्थी. जगभरच्या विद्यार्थ्यांची यावर दांडी उडते. शिक्षिका फळ्यावर डोंगर काढतात, वर एक घर, मध्ये एक घर. खंडोबा बाणाईच्या घरात शिरला की द्वितीया. त्या घरात मुक्कामाला असला की चतुर्थी. परत गडावर निघाला, द्वितीया. पोलंडची मुलगी विचारते, मुक्काम किती दिवस? ब्राझीलचा मुलगा विचारतो, म्हाळसेला माहीत आहे का? पुढचा अर्धा तास आख्खा वर्ग खंडोबाला डोंगरावर वर-खाली पळवतो. त्यानंतर त्या वर्गातल्या कुणाचीही ही विभक्ती चुकत नाही.

मग प्रमाणपत्र, गटफोटो, टकटक. निघायच्या दिवशी सकाळी ती खोली पुसते, काच पुसते, चारही डबे रिकामे करते, आणि तेवढ्यात दारात किल्ली वाजते. खोलीचा मालक! उन्हाने नाक सोललेला, पायात सपाता, थेट मायोर्काहून. तिला भेटलेला हा तिच्या वयाचा पहिला जर्मन. ती महिनाभर घडवलेलं एक निर्दोष वाक्य म्हणते. तो हसून इंग्रजीत उत्तर देतो. ती पुन्हा जर्मनमध्ये. तो पुन्हा इंग्रजीत. पुण्याची आहे म्हटल्यावर मात्र तो बॅग खाली ठेवतो. त्याला ऑक्टोबरपासून चाकणला सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळालेली असते आणि त्याला एक गोष्ट कुणीच नीट सांगितलेली नसते: तिकडे कचऱ्याचे डबे किती?

‘दोन,’ ती सांगते. ‘ओला आणि सुका. बाकीचं कचरा न्यायला येणाऱ्या ताई बघतात.’

तो टेबलावरचा चिठ्ठ्यांचा गठ्ठा जवळ ओढतो. सुबक अक्षरात एक, ओला. दोन, सुका. तीन, ताई. मग पेन तसंच धरून मान वर करतो आणि पहिल्यांदाच जर्मनमध्ये विचारतो, ‘डेर, डी की दास?’